कणी

आमच्या घाटमाथ्यावर कणी म्हंजे मोडका दाणा. जोंधळा भरडताना जो पुरता पीठ होत नाही आणि अख्खाही राहात नाही, तो. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही वर्षभर कण्याच खाल्ल्या. रेशनला लाल मिलो यायचा, आई तो जात्यावर भरडायची आणि पाण्यात शिजवून ताटलीत ओतायची. त्यामुळं कणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आजही ती लालसर, पांचट, गिळगिळीत ताटली येते. ह्या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो भरल्या घराचा अर्थ आहे, हे मला पंचविशी गाठल्यावर कळलं. तेही आपल्या मुलखापासून फार लांब, केरळात.

त्याआधी दादाचं सांगतो. दादा माझा थोरला भाऊ. आमचा खानापूर तालुका, शेजारचा आटपाडी, खाली तासगाव, सगळा अवर्षणाचा पट्टा. इथली माणसं जगायला बाहेर पडली ती गलाईच्या धंद्यात. गलाई म्हंजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. सोनाराकडची मोड, दुकानाच्या झाडलोटीतली धूळ, जुने डाग असं सगळं घ्यायचं, मुशीत घालून भट्टीत आटवायचं, तेजाबात टाकायचं आणि त्यातनं चोख सोनं वेगळं काढायचं. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या शहरात भट्टीपुढं बसलेला असायचा. कुणी अमृतसरला, कुणी कलकत्त्याला, कुणी मदुरेला. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि दादा गावातल्या एकाच्या ओळखीनं त्रिचूरला गेला. आता त्याला त्रिश्शूर म्हणतात. तेव्हा दादा असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. मी मागं राहिलो. दहावी झालो, आणि वडील गेल्यावर पाच एकर कोरडवाहू माझ्या गळ्यात पडली. सातबाऱ्यावर नावं दोघांची, खपणारा एकटा मी.

१९८६ साली मी त्रिचूरला गेलो. सणाला नव्हे, सहीला.

त्याचं असं झालं. आधीची वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. विहिरीत तळाला हिरवं डबकं, त्यात बेडकं. बैलजोडीतला एक बैल मी विट्याच्या बाजारात विकला, आणि एका बैलाचं करायचं काय म्हणून महिन्याभरानं दुसराही विकला. दावण मोकळी झाली. घरात आम्ही तिघं, आई, मी आणि नुकतीच लग्न होऊन आलेली बायको. त्यातच जमिनीला गिऱ्हाईक आलं. गावातलंच होतं, पैका मुंबईचा होता. मी ठरवलं, विकायची. विकून दादाकडं जायचं आणि त्याच्या शेजारी दुसरी भट्टी टाकायची. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "दादाला इचार," एवढंच म्हणाली.

पाडव्याला गुढी उभारली. काठीला कडुलिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी, आईची एकच एक जरीची खण, वर तांब्या. सगळं रीतसर. पण अंगणात गुढी आणि मागं मोकळी दावण, हे काही जुळत नव्हतं. ते गिऱ्हाईक पाडव्याच्या मुहूर्तावर चहाला येऊन बसलं. कडुलिंब-गूळ तोंडात घोळवत मी म्हणालो, "दादाची सही आणतो." दुसऱ्या दिवशी स्टँपवर लिहून घेतलेलं मुखत्यारपत्र पिशवीत घातलं आणि मिरजेहून गाडी धरली. बंगळुरात गाडी बदलली. पाडव्यापासनं तिसऱ्या दिवशी दुपारी त्रिचूरच्या स्टेशनात उतरलो.

उतरल्या उतरल्या पहिल्यांदा रागच आला, खरं सांगतो. एवढं हिरवं असतं का कुठं? आमच्याकडं चैत्रात मातीचं ढेकूळ तापून हाताला चटका देतं. इथं परसात नारळ, सुपारी, फणस, केळी, आणि त्यावर मिरीचे वेल चढलेले. गावाबाहेर गेलं की कोळ नावाची भातशेती लागते. ती जमीन पावसाळ्यात पाण्याखाली असते. पाऊस सरला की बांध घालून तिच्यातलं पाणी उपसून बाहेर काढतात आणि मग तिथं भात लावतात. पाणी उपसून बाहेर टाकतात! मी बांधावर उभं राहून ते ऐकलं आणि दादाला म्हणालो, "देवाला हिशेब येतच न्हाई का रं?" दादा हसला आणि हसता हसता खोकायला लागला. तेजाबाच्या वाफेनं त्याचा आवाज घोगरा झालेला. हातांची बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी. त्या पिवळ्या बोटांकडं बघितलं की मला बोलायचं सुचेना.

दादाची भट्टी शहरात होती, पण राहायला तो शहराबाहेर होता, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागच्या खोलीत. म्हातारीला सगळे अम्मूम्मा म्हणायचे, म्हंजे आजी. म्हातारा सत्तरीपुढचा, वाकलेला, पण पहाटे उठून केळीला आळी करणारा. दादाला त्यांची भाषा तेरा वर्षांत पाण्यासारखी यायला लागली होती. मला 'वेळ्ळम' म्हंजे पाणी, हा एक शब्द आला. दुष्काळी माणसाला पहिला शब्द तोच येणार.

रात्री जेवून मी पिशवीकडं हात नेला. दादानं ते बघितलं. आईनं कार्ड टाकून आधीच कळवलं असणार. तो म्हणाला, "आता नगं. उद्या विषू हाय. पहाटं कणी बघायची, मग बोलू."

"कणी?" मी म्हणालो. "सणादिवशी कण्या खात्यात व्हय हितं?"

दादा परत हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. मलयाळी भाषेत कणी म्हंजे पहिलं दर्शन, उठल्यावर डोळ्यांना पहिल्यांदा जे दिसतं ते. विषूच्या पहाटे डोळे उघडताना जे दिसेल, तसं वर्ष जातं अशी त्यांची समजूत. म्हणून ते नशिबावर सोडत नाहीत, रात्रीच मांडून ठेवतात.

संध्याकाळी अम्मूम्मा पदरात पिवळी फुलं घेऊन आलेली मी बघितली होती. झुंबरासारखे लोंबते घोस. त्यांना तिकडं कणिक्कोन्ना म्हणतात. मी म्हणालो, "ह्यो तर आपला बहावा!" आपल्या ओढ्याकाठी असतो तो. आपल्याकडं जुनी माणसं म्हणतात, बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. त्या दोन सालांत बहावा वेळेवर फुलला होता, पाऊसच आला नव्हता. आपण त्याला देवघरात घेत नाही, फक्त पावसाचा निरोप्या म्हणून बघतो. तिकडं त्याच्यावाचून सण होत नाही.

पहाटे चारच्या सुमाराला कुणीतरी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. हात खरबरीत, भात निवडून निवडून झालेला. मी दचकलो. दादा शेजारनं म्हणाला, "डोळं उघडू नगंस. चल." घरातली थोरली बाई आधी उठते, दिवा लावते, स्वतः कणी बघते आणि मग एकेकाला डोळे झाकून आणते. मी पंचविशीचा बाप्या, पण त्या म्हातारीनं मला लहान पोरासारखं धरून चालवत नेलं. उंबरा आला तेव्हा पायाला बोट लावून सांगितलं. मग बसवलं आणि हात काढला.

समोर पितळी दिवा तेवत होता, आपल्या समईसारखाच, तिकडं त्याला निलविळक्क म्हणतात. त्याच्या उजेडात काशाचं पसरट भांडं, त्याला म्हणतात उरुळी. ती तांदळानं भरलेली. तांदळावर सोन्यासारखी पिवळीजर्द काकडी, फोडलेल्या नारळाच्या वाट्या, आंबे, फणस, केळी, विड्याची पानं, सुपारी. घडी घातलेलं कोरं धोतर, काठाला जर. एक पोथी. नाणी. म्हातारीच्या गळ्यातली सोन्याची साखळी. मागं कृष्णाची मूर्त, आणि सगळ्यावर बहाव्याचे घोस. मधोमध एक आरसा उभा केलेला.

त्या आरशात मी होतो. बाकी सगळं आधी दिसलं, आणि मग एकदम ते तोंड दिसलं. करपलेलं, गालफडं बसलेली, दोन दिवसांची दाढी, डोळे तांबारलेले. एवढ्या भरल्या पसाऱ्यात हे कोण येऊन बसलंय, असं वाटलं. मी नजर काढून घ्यायला लागलो. म्हातारीनं हनुवटी धरून तोंड परत आरशाकडं वळवलं आणि काहीतरी म्हणाली. दादानं सांगितलं, "ती म्हणती, त्येबी बघायचं. त्येबी कणीतच असतं."

मग एक गोष्ट झाली, ती मी कधी विसरलो नाही. घरातल्या सगळ्यांनी कणी बघितल्यावर अम्मूम्मानं दिवा आणि उरुळी उचलली, दादानं एका बाजूनं हात दिला, आणि दोघं मागच्या गोठ्यात गेले. तिथं एक गाय आणि तिचं वासरू. म्हातारीनं दिवा गाईच्या तोंडापुढं धरला. गाईनं डोळे मिचकावले, तांदळाकडं मान लांबवली. वासराला दाखवलं. मग अंगणात येऊन फणसाच्या झाडापुढं धरला. दादा म्हणाला, "घरात आजारी असंल, ज्याला उठवत न्हाई, त्याच्या हातरुणापाशी न्यायची. कणी सगळ्यास्नी दिसाय पायजे."

मी गोठ्याच्या दारात उभा होतो. माझी दावण मोकळी होती. दोन बैल बाजारात सोडून येताना त्यातल्या एकानं मागं वळून बघितलं होतं, ते मला तिथं आठवलं. आपण बेंदराला बैल सजवतो, पोळी खायला घालतो, शिंगं रंगवतो, सगळं करतो. पण वर्षाच्या पहिल्या पहाटे, माणसानं जे बघितलं ते गुरानंही बघावं, ही कल्पना मला तोवर कुणी सांगितली नव्हती. मी विहिरीवर गेलो आणि तोंड धुतलं. तोंड धुतलं की डोळ्यांचं काही कळत नाही.

उजाडल्यावर पोरांनी फटाके लावले. म्हाताऱ्यानं सगळ्यांना बोलावलं. घरातल्या थोरल्यानं लहानांच्या हातात नाणं ठेवायचं, त्याला कैनीट्टम म्हणतात. कैनीट्टम म्हंजे हात पुढं करून देणं. तिथं घरचं आणि परकं असं नसतं. कामाला येणारी बाई आली, शेजारची पोरं आली, नारळ उतरवणारा गडी आला. सगळ्यांच्या हातात रुपया, चिमूटभर तांदूळ आणि बहाव्याचं एक फूल. माझ्याही हातात ठेवलं. मग दादानं खिशात हात घातला आणि त्यानंही मला एक रुपया दिला. "थोरल्यानं द्यायचं असतंय," म्हणाला. वडील गेल्यापासनं दादानं पैशाची मनिऑर्डर कितीदा पाठवली असेल, त्याचा हिशेब आमच्याकडं नव्हता. पण हातात हात देऊन त्यानं काही द्यायची ती पहिलीच वेळ.

नंतर म्हातारा फावडं घेऊन परसात आला. त्याला तिकडं कैकोट्ट म्हणतात. आदल्या दिवशीच धुऊन ठेवलेलं, दांड्याला बहाव्याचा घोस बांधलेला. ज्याच्याकडं बैल आहेत तो विषूदिवशी नांगराचा पहिला तास काढतो, तो विषुच्चाल. ज्याच्याकडं बैल नाहीत तो कैकोट्टानं जमीन उकरतो. म्हाताऱ्यानं पूर्वेकडं तोंड करून हातभर माती उकरली. मग थांबला, माझ्याकडं बघून दादाला काहीतरी विचारलं. दादा म्हणाला, "ईचारतोय, तुझा भाऊ शेतकरी न्हवं का? मग त्येलाच दे म्हंतोय. मी आता म्हातारा झालो."

मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो. पिशवीत स्टँपपेपर आणि हातात पूजेचं फावडं. पण नाही कसं म्हणणार? चार घाव घातले. माती काळी, ओलसर, लोण्यासारखी सुटली. म्हाताऱ्यानं ओंजळभर बी दिलं, सगळ्या जातींचं मिसळलेलं. मूग, उडीद, तीळ, भोपळ्याच्या बिया. ते खड्ड्यात टाकलं आणि पायानं माती लोटली. बी टाकताना माझा हात आपोआप चाड्यावर धरतात तशी मूठ करून बसला. हाताला सवय होती, तो विकायला निघाला नव्हता.

तेवढ्यात फणसात एक पाखरू ओरडलं. चार सुरांत, तेच तेच परत परत. म्हातारा हसून वर बघायला लागला. दादा म्हणाला, ते विषूपक्षी. ते काय ओरडतं, तर म्हणे 'वित्तुम कैकोट्टुम', म्हंजे बी आणि फावडं घ्या! आमच्याकडं पावशा ओरडतो, त्याचं आपण ऐकतो 'पेरते व्हा'. पाखरू वेगळं, मुलूख वेगळा, भाषा वेगळी. पण तिथल्या शेतकऱ्यालाही पाखराच्या तोंडून पेरणीच ऐकू येते.

जेवण केळीच्या पानावर. भाज्या किती ते मोजले नाहीत. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून थापलेल्या वड्या होत्या, विषुकट्टा म्हणतात त्याला. गुळाबरोबर खातात, त्रिचूरकडची खासियत आहे. कैरीचं गोडआंबट होतं. कडुलिंबाचं कडूजारही थोडं होतं. पाडव्याचा कडुलिंब जिभेवरनं उतरून चारच दिवस झालेले, परत तेच. म्हणालो, "दादा, ह्यांचाबी पाडवाच म्हण की."

"पाडवाच," दादा म्हणाला. "फकस्त आपला चंद्राचा, ह्यांचा सूर्याचा."

ते मला पुढं हळूहळू उमगत गेलं. पाडवा चैत्राच्या पहिल्या तिथीला, म्हणून तो मार्चात येतो, एप्रिलात येतो, मागंपुढं सरकतो. मग तिसऱ्या वर्षाला अधिक महिना घालून त्याला परत ओढून आणायचं. विषू तसा हलत नाही. सूर्य मेष राशीत शिरला की विषू, १४ नाहीतर १५ एप्रिल. त्याच सुमाराला तमिळ लोकांचं पुत्तांडु, पंजाबात बैसाखी, आसामात बिहू, बंगालात पोइला बैशाख, ओडिशात पणा संक्रांत. विषू म्हंजे सारखं, दिवस-रात्र समान. खरं तर दिवस-रात्र समान होतात ते मार्चच्या विशीत, आम्हाला शाळेत शिकवलंय. पण शेकडो वर्षांत ते गणित सरकत गेलं आणि सण जुन्या जागी राहिला. गंमत म्हंजे केरळचं पंचांगाचं वर्षही विषूला बदलत नाही. ते बदलतं चिंगम महिन्यात, ऑगस्टमध्ये. विषू हा कुळंब्याचा वर्षारंभ. विषूपासनं दहावा सूर्योदय बी लावायला चांगला मानतात.

आणि आपण? सण आपण चंद्रावर करतो, पण पेरणी चंद्रावर कोण करतो? रोहिणी, मृग, आर्द्रा ही आपली पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. मृग दरसाल सात-आठ जूनलाच निघतो, मग पंचांगात अधिक महिना असो वा नसो. म्हंजे गुढी उभारताना आपण चंद्राचे आणि तिफण धरताना सूर्याचे. हे मला कुणा पंडितानं नाही, विषूनं शिकवलं.

दुपारी कोळाच्या बांधावर आम्ही दोघं बसलो. भात कापून झालेल्या खाचरांत बगळे फिरत होते. मी कागद काढला. दादानं सबंध वाचला. वाचून घडी केली, परत उघडला.

"भाव किती देतोय?"

मी सांगितला.

"बरा हाय," दादा म्हणाला. बराच वेळ बगळ्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "रोज माझ्या हातात सोनं असतंय. बघितलंस न्हवं काल? मूठभर, कवा ओंजळभर. पर त्ये समदं दुसऱ्याचं. माझं म्हणून दावाय माझ्याकडं एक कागद हाय, सातबारा. हितं लोक ईचारत्यात, गाव कंचं? मी सांगतो. म्हंत्यात, तिथं काय हाय? मी म्हंतो, रान हाय आमचं, पाच एकर. तिथं कुसळाबिगर काय उगवत न्हाई, ह्ये न्हाई सांगत."

मी गप्प.

"तू खपतोस, तवा तू ठरीव. मी लांब बसून रानाचं गोडवं गाणार आन् तू तिथं वाळणार, ह्ये बरूबर न्हाई." त्यानं खिशातनं पेन काढलं आणि बांधावर, मांडीवर कागद ठेवून सही केली. पिवळ्या बोटांनी, हळूहळू, शाळेतल्यासारखी. तारीख घातली. कागद माझ्या हातात दिला.

त्यानं नाही म्हटलं असतं तर मी भांडून विकली असती. सही मिळाली आणि माझी ताकदच गेली.

गावी आलो तो रात्रीचा. पहाटे जाग आली तेव्हा बाहेर तांबडं फुटत होतं. दार उघडणार तेवढ्यात मनात आलं, आज पहिल्यांदा काय दिसणार? डोळे मिटूनच दार उघडलं. मग उघडले. रान होतं समोर. भेगाळलेलं, बांधावरची बोर, मोकळी विहीर. आरसा नव्हता, पण आपलं तोंड दिसल्यासारखं वाटलं. ते गिऱ्हाईक आठवड्यानं आलं तेव्हा मी म्हणालो, "बेत न्हाई." आई आत भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि परत थापाय लागली.

ह्यात मी फार शहाणपणा केला असं मला सांगायचं नाही. पुढचं १९८७ही कोरडंच गेलं. बायकोची बोरमाळ गहाण पडली, सोसायटीचं कर्ज थकलं, मी रोजगार हमीवर खडी फोडली. विकली असती तर कदाचित सुखात असतो, माझ्यासारखे विकून सुखी झालेलेही गावात आहेत. बऱ्याच वर्षांनी टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी ह्या माळावर चढलं, आणि आता रानात डाळिंब आहे, जोंधळा आहे, गोठ्यात दोन म्हशी आणि एक खोंड आहे. पण मी काही ते पाणी येणार म्हणून थांबलो नव्हतो. तो कागद अजून ट्रंकेत आहे, पिवळा पडलेला, दादाच्या बोटांसारखा.

दादा तीन वर्षांमागं गावी आला. धंदा पोरांनी घेतला, ती तिकडंच असतात, त्यांची पोरं मलयाळी शाळेत जातात. वहिनी गेल्यावर तो म्हणाला, "मला घरी न्या." श्वास लागतो. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. सोप्यात त्याची खाट आहे, तिथनं रानाचा वारा येतो.

गेल्या वर्षी एप्रिलात तो मला रात्री म्हणाला, "उद्या चौदा न्हवं?" मला वाटलं जयंतीचं म्हणतोय. समाजमंदिरापुढं निळे झेंडे लागले होते, मांडवाचं काम चाललं होतं. मी म्हणालो, "व्हय, चौदा." तो म्हणाला, "तिकडं अम्मूम्मा कणी मांडायची." आणि कूस वळून झोपला.

मी आणि बायको रात्री लागलो. उरुळी कुठली असायला, पितळेची परात काढली. तांदूळ नाहीत, त्याच रानातला जोंधळा घातला. बियाला ठेवलेली पिकून पिवळी झालेली काकडी होती. आंबे, नारळ, डाळिंब, विड्याची पानं. बायकोनं सोडवून आणलेली बोरमाळ काढून ठेवली. वडिलांची ज्ञानेश्वरी. ओढ्याकाठचा बहावा मी बॅटरी घेऊन जाऊन आणला. भिंतीवरचा आरसा काढून मधे उभा केला. ठेवताना बायको म्हणाली, "त्यास्नी दिसत न्हाई, आरसा कशाला?" मी म्हणालो, "असू दे."

पहाटे चारला समई लावली आणि परात खाटेपाशी नेली. दादाच्या डोळ्यांवर हात ठेवला. तो जागाच होता. "कोन?" म्हणाला, आणि लगेच त्याला कळलं. काही बोलला नाही. मी हात काढला, त्याचा हात धरून परातीवर नेला. त्यानं जोंधळा मुठीत घेऊन सोडला. "आपला?" "आपलाच." काकडीवरनं बोटं फिरवली. बहाव्याचा घोस नाकाशी नेला. पोथी चाचपली. मग हात आरशाला लागला. गार काचेवर तो तसाच राहिला.

"ह्यात कोन दिसतंय?" त्यानं विचारलं.

मी वाकून बघितलं. समईच्या उजेडात दोन म्हातारी तोंडं होती.

"दोघंबी," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. उशाखाली हात घालून नाणं काढलं. रात्रीच ठेवलेलं असणार. अंधारात चाचपत माझा हात शोधला, त्यात ते ठेवलं आणि माझी मूठ मिटवली. बोटं आता पिवळी राहिली नाहीत, नुसती वाळली आहेत.

मी बसून राहिलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आरं, बसलास काय? गोठ्यात न्हेऊन दावलीस का?"

मी विसरलो होतो. परात उचलली, बायकोनं समई घेतली, आणि आम्ही गोठ्याकडं निघालो.